‘रन’ची धाव

(मालवण येथे इंग्रजीच्या एका दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मराठी शाळेत इंग्रजी शिकलेल्या कुणालाही ‘रन’चा अर्थ विचारावा. तो डोळे मिटून सांगेल, ‘धावणे’. रन, रॅन, रन. तिसरे रूप फिरून पहिल्यासारखेच होते, एवढीच काय ती अडचण, आणि ती घोकंपट्टीने सुटते. मग एके दिवशी धड्यात वाक्य येते, ‘माय फादर रन्स अ हॉटेल’. वडील हॉटेल धावतात? का पळवतात? वर्गात खसखस पिकते, गुरुजी ‘चालवतात’ असे फळ्यावर लिहितात आणि पुढे सरकतात. पण त्या एका शब्दाने जी भानगड उभी राहिली, ती तिथे मिटत नाही. पुढच्या पानावर नदी ‘रन’ करते, तिच्या काठाने रस्ता ‘रन’ करतो, सर्दी झालेल्या मुलाचे नाक ‘रन’ करते, तोच मुलगा ताप ‘रन’ करतो, आईने भिजवलेल्या नव्या साडीचा रंग ‘रन’ करतो. आता मराठीत पाहा. नदी वाहते, रस्ता जातो, नाक गळते, ताप येतो, रंग उतरतो. इंग्रजीने एका नोकराकडून करून घेतलेली कामे मराठीने पाच जणांत वाटून दिलेली आहेत.

या क्रियापदाचा पसारा किती, याची मोजदाद झालेली आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1928 साली पुरी झाली, तेव्हा ‘सेट’ हे क्रियापद सर्वांत लांबलचक ठरले होते. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतही तो मान ‘सेट’कडेच राहिला. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासताना ‘रन’ पुढे गेला. कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदावर नऊ महिने घालवले आणि हाती आले 645 अर्थ. सायमन विंचेस्टर या लेखकाने 2011 साली ही हकीकत वर्तमानपत्रात सांगितली आणि तिचे कारणही सुचवले. औद्योगिक क्रांतीनंतर जी जी यंत्रे आली, ती इंग्रजीत ‘रन’ करू लागली. घड्याळ, आगगाडी, गिरणी, मोटार, मग संगणक आणि त्याच्यातला प्रोग्रॅम. यंत्रयुगाने या शब्दाला पोसले, असे त्याचे म्हणणे.

कारण पटण्यासारखे आहे, पण अपुरे. हा शब्द यंत्रे येण्याआधीही ऐसपैस होता. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘रिन्नन’ आणि त्याचा एक जुना अर्थ पाण्याचा: वाहणे. जर्मनमध्ये ‘रिनेन’ म्हणजे आजही वाहणे, पाझरणे. तेव्हा नदीचे आणि नाकाचे ‘रन’ होणे ही काही कुणी मागाहून केलेली अलंकारिक करामत नाही. पाणी आणि पाय त्यात जुन्या काळापासूनच एकत्र आहेत.

आणि इथे आपले ‘धावणे’ अनपेक्षितपणे त्याच घाटावर भेटते. संस्कृतात ‘धाव्’ धातूचे अर्थ धावणे आणि वाहणे असे दोन्ही आहेत. शिवाय त्याच रूपाचा आणखी एक धातू आहे, त्याचा अर्थ धुणे. दात घासण्याला ‘दंतधावन’ म्हणतात ते त्यामुळे. दातांच्या धावण्याशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत दवबिंदूंना ‘ड्यू’ म्हणतात, तोही शब्द याच ‘धाव्’च्या दूरच्या कुळातला मानला जातो. म्हणजे दोन्ही भाषांतली धावणारी क्रियापदे ओली होती. फरक पुढे पडला. मराठीने वाहण्याचे काम ‘वाहणे’कडे सोपवले, धुण्याचे ‘धुणे’कडे, आणि ‘धावणे’ कोरडे ठणठणीत करून पायांना दिले. इंग्रजीने वाटणीच केली नाही. कोकणातल्या सामाईक घरासारखे सगळे अर्थ एकाच छपराखाली राहिले.

आता यंत्रांकडे वळू. इंग्रजीत घड्याळ ‘रन’ करते. मराठीत घड्याळ चालते, आणि बिघडले तर बंद पडते. पण कधी कधी मराठीतही घड्याळ पळते. केव्हा? ते वेळेच्या पुढे जाऊ लागले म्हणजे. विजेचा मीटर पळतो असे कुणी म्हणाले, तर ती महावितरणची स्तुती नसते. बिल जास्त आल्याची तक्रार असते. रिक्षाचा मीटर पळतो तेव्हाही तसेच. मराठी माणसाच्या लेखी धडधाकट यंत्र चालते. पळते ते नादुरुस्त. इंग्रजीने यंत्राला धावताना पाहिले आणि मराठीने चालताना, त्यामुळे विंचेस्टर म्हणतो ती यंत्रयुगाची भरती आपल्याकडे ‘धावणे’ला न मिळता ‘चालणे’ला मिळाली. पिठाची गिरणी चालते, पंप चालतो, ट्रॉलरचे इंजिन चालते. संगणक आला तेव्हाही ‘चालणे’ने त्याला सहज सामावून घेतले. ‘प्रोग्रॅम रन होत नाही’ हे वाक्य शिकलेल्या तंत्रज्ञाच्या तोंडचे. दाखल्यासाठी तासभर ताटकळलेला माणूस ‘सर्व्हर चालत नाही’ असेच म्हणतो, आणि त्याचे मराठी अधिक चांगले असते.

‘चालणे’ची ही श्रीमंती मराठी माणसाच्या लक्षात येत नाही, कारण ती रोजच्या वापरातली आहे. शाळा चालते, खटला चालतो, नाणे चालते, वशिला चालतो, हात चालतो, डोके चालत नाही. बोलणी चालतात आणि जीभ तर काही जणांची चालतच राहते. ‘चहा चालेल?’ या प्रश्नातल्या चालण्याला तर पायही नाहीत आणि चाकेही नाहीत. तिथे ते संमती मागते. परक्या माणसाला हे समजावून सांगताना आपल्याला घाम फुटेल. मालवणच्या रस्त्यावर ‘खय चललास?’ ही विचारपूस मोटारसायकलवरच्या माणसाचीही होते, आणि आपण चालत नसून गाडीवर आहोत असे उत्तर कुणी देत नाही.

शिवाय मराठीने ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ असे दोन धागे ठेवले आहेत, त्यांचा उपयोग इंग्रजीच्या ‘रन’ला नाही. कुडाळात आईबरोबर खानावळ चालवणारे चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू, हे या जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासातले ठळक चित्र आहे. खानावळ चालवणे हा माणसाचा उद्योग झाला. ती चालणे हे गिऱ्हाइकांच्या, बाजाराच्या आणि नशिबाच्या हाती. ‘चालवली, पण चालली नाही’ या चार शब्दांत एखाद्या माणसाची दहा वर्षे मावतात. हेच इंग्रजीत सांगायचे तर ‘रन’ एकदाच वापरता येईल. दुसऱ्या वेळी वेगळे क्रियापद शोधावे लागेल.

नाटकाचेही तसेच. इंग्रजी नाटकाचा ‘रन’ असतो. लंडनमधले ‘द माउसट्रॅप’ 25 नोव्हेंबर 1952 ला वेस्ट एंडला आले आणि मार्च 2020 मध्ये कोविडने थिएटरे बंद पाडेपर्यंत त्याचा ‘रन’ अखंड राहिला. मालवणी माणसाला याच्या शेजारी ‘वस्त्रहरण’ आठवणारच. गंगाराम गवाणकरांचे हे नाटक 1980 साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. आधी ते अडखळले; पु. ल. देशपांडे यांनी मनापासून कौतुक केल्यावर ते उचलले गेले, आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने त्याचे प्रयोग हजारोंच्या घरात नेले. इंग्रजीत म्हणतील, नाटक ‘रन’ झाले. आपण म्हणतो, नाटक चालले, आणि न चालणारे नाटक पडते. चालणारी गोष्ट पडू शकते, हे ओघानेच आले.

आतापर्यंत इंग्रजीच्या एका शब्दाला मराठीतले किती शब्द लागतात, हे पाहिले. उलट बाजूने पाहिले की गंमत फिरते. इथे मुद्दाम एक वाक्य घेऊ: ‘बोट लागली’.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आणि विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत गोव्याकडे जाणाऱ्या बोटींचा काळ आठवणारी मंडळी या सभागृहात आहेत. मालवणला खडकांमुळे बोट बाहेर उभी राहायची आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर यावे लागायचे. त्या प्रवासात ‘बोट लागली’ हे वाक्य तीन तऱ्हांनी ऐकू येई. परतीच्या वाटेवर पहाटे भाऊच्या धक्क्याला बोट लागली, म्हणजे प्रवास संपला, बोचकी उचला. डेकवर एखादा पांढराफटक पडून लिंबू हुंगत असेल, तर त्याला बोट लागली. त्याच्यापासून चार हात दूर बसा. आणि तांडेल जर दबक्या आवाजात म्हणाला की खडकाला बोट लागली, तर देवाचे नाव घ्या. या तिसऱ्या अर्थाला इंग्रजीत पुन्हा आपला ‘रन’ येतो: ‘रॅन अग्राउंड’. पहिल्या दोहोंना त्यांच्याकडे अगदी निराळे शब्द आहेत. एसटी आल्यावर बोट गेली, पण क्रियापद राहिले. ‘कुडाळ गाडी लागली काय?’ असे मालवणच्या स्टँडवर विचारले तर ती फलाटावर आली का, हा प्रश्न असतो. आणि घाटात गाडी लागणारे प्रवासी खिडकीची जागा मागतात.

‘लागणे’ हे आपले ‘रन’ आहे, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दिवा लागतो, डोळा लागतो, पैसे लागतात, वेळ लागतो, नाद लागतो. माडाला नारळ लागतात, जाळ्याला मासळी लागते, पाऊस लागून राहतो. गावच्या जमिनीला जमीन लागून असते आणि त्यावरूनच कोर्टात दावा लागतो. मुलगी शाळेत जाऊ लागते, इथे तर ते मुख्य क्रियापदही राहत नाही, नुसता आरंभ दाखवते. वर पुन्हा नाते सांगायलाही हेच: ‘तो माझा काका लागतो’. कुणा इंग्रजाने मराठी शिकायला घेतले आणि ‘लागणे’ म्हणजे ‘टच’ असे वहीत लिहून ठेवले, तर त्याची जी दशा होईल तीच ‘रन म्हणजे धावणे’ लिहिणाऱ्या आपल्या मुलांची होते. इंग्रजी भाषा लहरी आहे, तिला नियम नाहीत, अशी कुरकुर शिक्षकांच्या खोलीत नेहमी चालते. ती करणाऱ्याने आधी ‘लागणे’चे अर्थ मोजून पाहावेत.

मग मराठीत खरोखर धावते कोण? एकतर सरडा, कुंपणापर्यंत. मोटेचे बैल ज्या उतरणीवरून जात ती ‘धाव’ आणि बैलगाडीच्या चाकाला बसवलेली लोखंडी पट्टी तीही ‘धाव’. आणि देव. कोकणात देवाची थोरवी सांगायची तर तो नवसाला पावणारा आणि हाकेला धावणारा असतो. संकटात सापडलेला माणूस देवाचा ‘धावा’ करतो, म्हणजे स्वतः जागचा हलत नाही. धावायचे ते देवाने. याच्या उलट ‘पळणे’. मदतीला धावतात आणि भीतीने पळतात. धावणारा कशाकडे तरी जातो, पळणारा कशापासून तरी. म्हणून धावून येणारा शेजारी असतो, पळून जाणारा भाडेकरू. ‘पळपुटा’ ही शिवी आहे आणि ‘पळवाट’ वकिलाला लागते. घाटावर, कोल्हापूर-साताऱ्याकडे, ‘पळत ये’ असे लेकराला मायेने म्हणतात, तिथे हा भेद पुसट होतो. प्रमाण मराठीत मात्र तो पक्का आहे. इंग्रजीचा ‘रन’ दोन्हीकडे जातो. दिशा सांगायला त्याला पाठीमागे ‘टू’ किंवा ‘अवे’ असे शेपूट जोडावे लागते.

ही शेपटे हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. ‘रन आउट’ म्हणजे साखर संपणे आणि फलंदाज बाद होणेही. ‘रन इंटू’ म्हणजे जुना मित्र अवचित भेटणे आणि विजेच्या खांबावर आदळणेही. ‘रन ओव्हर’ म्हणजे भाषण वेळेबाहेर लांबणे आणि गाडीखाली येणेही. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिल्यामुळे पुढे जाऊ.

मराठीतल्या ‘धावणे’ला नवे दिवस आले ते वर्तमानपत्रांमुळे आणि आकाशवाणीमुळे. दोन भाषा शेजारी शेजारी बसवण्याची मराठी पत्रकारितेची सवय तर जन्मापासूनची, आणि ती लावणारा माणूस याच जिल्ह्यातला. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले, त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर लगतच्या स्तंभांत छापला जाई. एका स्तंभातले वाक्य दुसऱ्यात उतरवायचे म्हणजे क्रियापदाशी झटापट आलीच. पुढच्या पिढ्यांच्या संपादकांनी ही झटापट कधी मन लावून केली, कधी उरकली. ‘धावती भेट’, ‘धावता दौरा’, ‘धावते समालोचन’ हे सगळे ‘रनिंग’चे मराठी अवतार.

यातले क्रिकेटचे शब्द मात्र अव्वल उतरले. आकाशवाणीवर मराठीतून समालोचन रुळवणाऱ्यांत बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रभागी आहे. ‘धावा’, ‘धावसंख्या’, ‘धावबाद’ हे शब्द ऐकताना आज कुणाला ते भाषांतर वाटत नाही. ‘धावबाद’ तर मुळापेक्षा सरस आहे. इंग्रजी जोडशब्दात नुसता फलंदाज ‘आउट’ होतो, मराठीत धाव घेता घेता बाद होणे कानाला लागते. 7 मार्च 1987 रोजी अहमदाबादेत पाकिस्तानविरुद्ध सुनील गावसकरांनी कसोटीतली दहा हजारावी धाव घेतली, तेव्हा ‘धाव’ या शब्दाने बैलाच्या उतरणीपासून किती लांबचा पल्ला गाठला होता! मालवणातल्या टेनिस चेंडूच्या सामन्यांत ध्वनिक्षेपकावरचा समालोचक ‘धावा’ म्हणतो आणि कुंपणावर बसलेली पोरे ‘किती रना झाली?’ असे विचारतात. ‘रन’चे अनेकवचन ‘रना’! हा शब्द आता व्याकरणाने आपला झालेला आहे.

‘धावपट्टी’ हाही नेटका शब्द. 9 ऑक्टोबर 2021 ला परुळे-चिपी इथल्या सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन झाले आणि अडीच हजार मीटरची धावपट्टी जिल्ह्याच्या भूगोलात आली, तशीच बोलीतही. विमान धावते ते तेवढ्यापुरतेच, म्हणून शब्द शोभतो.

आगगाडीच्या बाबतीत तसे म्हणवत नाही. रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा मार्ग 26 जानेवारी 1998 ला सलग खुला झाला. ‘कोकण रेल्वे धावली’ हे मथळे लिहिणाऱ्यांनी ‘धावणे’ वापरले, कारण इंग्रजीत गाड्या ‘रन’ करतात. मथळ्यापुरते ते ठीक. पुढे मात्र ‘गणपतीसाठी जादा गाड्या धावणार’, ‘उद्या एसटी धावणार नाही’ अशा वाक्यांचा रतीबच सुरू झाला. स्टँडवर उभा असलेला माणूस असे कधीच बोलत नाही. त्याच्यासाठी गाडी सुटते, येते, लागते, चुकते आणि रद्द होते. बातमीदाराने कार्यालयात परतताना वाटेत हे शब्द सांडू दिले नसते, तर बातमी अधिक खरी वाटली असती.

एका ठिकाणी मात्र आपण ‘रन’ मुळीच घेतला नाही, आणि त्याला इतिहास आहे. अमेरिकन उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ होतो. निवडणुकीचे तंत्र आपण ब्रिटिशांकडून घेतले, त्यामुळे आपला उमेदवार उभा राहतो. पूर्वीच्या राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै 1957 पासून तीनदा उभे राहिले आणि तिन्ही वेळा निवडून आले. त्यांच्या निधनानंतर प्रा. मधु दंडवते 1971 पासून ओळीने पाचदा. ‘उभा राहणे’चा एक फायदा असा की त्याला मराठीने लगेच जोडीदार दिले: उभा राहिलेला पडतो, कुणी त्याला पाडतो, कुणी बसवतो, आणि कुणी पैसे घेऊन आपण होऊन बसतो. धावणाऱ्या अमेरिकन उमेदवाराला बसवण्याची सोय त्या क्रियापदात नाही!

हे सारे वर्गात कसे न्यायचे, हा शेवटचा प्रश्न. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे ‘रन’शी मुलाची ओळख आता सहाव्या वर्षी होते, आणि ती चित्रातल्या धावणाऱ्या पोरामुळे होते. त्याला हरकत नाही. सुरुवात पायांनीच व्हावी. पण सातवी-आठवीतही शब्दार्थाच्या वहीत डावीकडे ‘रन’, उजवीकडे ‘धावणे’ आणि मध्ये एक आडवी रेघ, एवढेच राहिले तर ती वही मुलाला अडवते. क्रियापदाचा अर्थ त्याच्या कर्त्यावरून आणि कर्मावरून ठरतो. म्हणून डावीकडे क्रियापद एकटे न लिहिता जोडीने लिहावे: नदी-रन, दुकान-रन, नळ-रन, गाडी-रन. उजवीकडची मराठी मुलांनीच भरावी. त्यांना ती येते. मग तीच वही उलटी धरून ‘चालवणे’ घ्यावे: दुकान चालवणे, मोटार चालवणे, सायकल चालवणे, होडी चालवणे. इथे इंग्रजीत ‘रन’, ‘ड्राइव्ह’, ‘राइड’ आणि ‘रो’ असे चार शब्द लागतात, आणि ‘आय ड्राइव्ह अ सायकल’ असे लिहिणारा मुलगा कुठे अडखळला, ते गुण कापण्याआधी शिक्षकाला दिसते. मुलगा मराठीत अचूक होता.

उरते एक अडलेले ठिकाण. ‘इन द लाँग रन’ या शब्दप्रयोगाला मराठीत आजवर समाधानकारक जोडीदार मिळालेला नाही. अर्थशास्त्राची पुस्तके ‘दीर्घकाळात’ असे लिहितात; त्यात काळ आहे, पण वाटचाल नाही. ‘सरतेशेवटी’ म्हणावे तर तिथे फक्त शेवट उरतो. ‘लांब पल्ल्यात’ जवळ येते, परंतु ते ऐकून डोळ्यांपुढे मुंबईची रातराणी उभी राहते. मालवणीत कुणाला याहून बरे काही ठाऊक असेल, तर त्यांनी ते चहाच्या वेळी जरूर सांगावे. कागद-पेन्सिल टेबलावर ठेवलेली आहे.